रो हाउसमध्ये डार्क लाकूड करताय? मग या चुका टाळा

पुण्या-नाशकात रो हाउस घेतलं की बऱ्याच जणांना मातकट भिंती आणि गडद लाकूड हवं असतं, आणि ते दिसतंही सुंदर, फक्त फोटोतलं घर बहुतेक वेळा चारी बाजूंनी मोकळं असतं हे कुणी बघत नाही. मधल्या रो हाउसच्या दोन्ही बाजूंना शेजारी, त्यामुळे खिडक्या पुढे आणि मागे एवढ्याच, मधला जिना आणि डायनिंग दिवसासुद्धा अंधारं. जुन्या वाड्यांमध्येही काळपट सागवानी खांब आणि तुळया होत्याच की, पण तिथे मध्ये उघडा चौक होता, वरून उजेड यायचा म्हणून ते लाकूड खुलायचं. आपल्याकडे तो चौक नाही, त्यामुळे आधी उजेड कुठून येतो ते बघा आणि मग लाकूड ठरवा.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे सगळंच डार्क करणं. टीव्ही युनिट, दारं, जिना, वर फॉल्स सीलिंगलाही लाकडी पट्ट्या! एका खोलीत एकच बाजू गडद पुरते आणि सीलिंग पांढरंच हवं, यावर मी ठाम आहे. काम आधीच झालं असेल तर तोडफोड करू नका, लॉफ्टची शटर्स तेवढी भिंतीच्या रंगात करून घ्या, जिन्याचे राइझर, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या बाजू, पांढरे करा आणि सोफ्याला फिकं सुती कापड घाला.

तरीही घर उदास वाटतंय? मग बल्ब बघा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्यांत ब्राऊन लाकूड मरगळलेलं, राखाडी दिसतं, तिथे 3000चे वॉर्म लावा. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी करतात.

रंगाची गडबड कुठे होते तर शेड कार्डवर बघून बेज निवडला जातो. महोगनीसारख्या लालसर लाकडाशेजारी गुलाबी झाक असलेला बेज फार भडक वाटतो आणि अक्रोडाच्या शेडला पिवळट क्रीम मारून टाकतं. व्हीनियरच्या (प्लायवर चिकटवतात त्या खऱ्या लाकडाच्या पातळ शीटच्या) तुकड्यावर तुमच्याच पॉलिशवाल्याकडून सँपल करून घ्या, ते भिंतीवर उभं टेकवा, सकाळी बघा आणि रात्री दिवे लावूनही बघा. आणि व्हीनियरच्या सगळ्या शीट एकाच लॉटच्या घ्या, नंतर दोन कमी पडल्या की तोच रेषांचा माल मिळणं कठीण असतं.

आता पावसाळा, कारण आपल्याकडे खरी वाट इथेच लागते. भर जुलैत पॉलिश करू नका, हवेतल्या दमटपणामुळे पांढरट झाक येते, आणि ती गडद लाकडावर लगेच दिसते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे थोडी फट सोडा, नाहीतर आत बुरशीचा वास येतो, आणि वास येतच असेल तर अत्तराच्या वड्या ठेवून काही होणार नाही, कपाट सरकवून भिंतीतली ओल शोधा. बाथरूमला लागून असलेल्या कपाटाला आयएस 710चा, म्हणजे मरीन प्लाय घ्या, शिक्का स्वतः वाचा.

दार फुगून अडकतंय म्हणून लगेच सुताराला रंधा मारायला लावू नका, पावसात लाकूड आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात परत आकसतं, तेव्हा तिथे फट दिसेल. दाराची वरची आणि खालची कड आधी तपासा, तिथे बऱ्याचदा पॉलिश लावलेलंच नसतं आणि ओल तिथूनच शिरते. पाऊस संपला, लाकूड सुकलं की दार उतरवून त्या दोन्ही कडा सील करून घ्या आणि एवढं करूनही पुढच्या पावसात घासलंच तर मग रंधा मारा.