कूलर ओढला की प्रोसेसरपण उपसून येतो? आधी पीसी तापवा

भावांनो, एएमडी कंपनीच्या एएम४ प्रकारच्या मदरबोर्डावरचा प्रोसेसर बदलताना लई जणांचा घोळ होतोय, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) सुकून घट्ट झालेली असते आणि कूलर सरळ वर ओढला की सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) लीव्हर बंद असतानाच प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो, खाली १३३१ पिना, एखादी तरी वाकतेच. राजारामपुरीतल्या मित्राचं असंच झालं, परवा माझा बदलताना हे केलं, काही त्रास नाही:

१. पीसी १०-१५ मिनिटं चालू ठेवा, एखादी गेम लावली तर अजून बरं, पेस्ट मऊ पडते.
२. शटडाऊन, प्लग काढा, कूलर गरम असतानाच स्क्रू किंवा क्लिप सोडवा, पण हात भाजंल इतका नको.
३. कूलर हळूहळू डावीकडं-उजवीकडं फिरवत राहा, सैल झाला की मगच उचला. घाई नको.
४. लीव्हर पूर्ण वर करून प्रोसेसर काढा.

नवा बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, प्रोसेसर स्वतःच्या वजनानंच आत बसतो, वरनं अजिबात दाबू नका.

एएम५ (एएमडीचाच पुढचा प्रकार) किंवा इंटेलच्या नव्या बोर्डात पिना सॉकेटमध्येच असतात, तिथं बोट किंवा कापड लावायचं नाही.