या चुका टाळा: ॲड्रिनल पेशी दीर्घकाळ कमी ऑक्सिजनमध्ये ठेवताना

कोल्हापुरातील पेशीवर्धनाच्या प्रयोगशाळेत ॲड्रिनल ग्रंथीच्या (मूत्रपिंडावरील संप्रेरक-ग्रंथीच्या) पेशींवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना 'ऑक्सिजन १ टक्का, ७२ तास' ही नोंद मला वारंवार दिसते. हा आकडा इन्क्युबेटरच्या पडद्यावरचा असतो. प्लेटच्या तळाशी असलेल्या पेशींना प्रत्यक्षात किती ऑक्सिजन मिळाला, हे त्यातून कळत नाही.

ऑक्सिजन मीडियममधून, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवातून, फार सावकाश झिरपतो. मीडियम बाहेरच्या हवेतले असेल, तर त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी ऑक्सिजनच्या बंद चेंबरमध्ये गेल्यावरही काही तास टिकतो. उलट मीडियमचा थर जाड आणि पेशी दाट असतील, तर त्यांना पडद्यावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी ऑक्सिजन मिळतो. म्हणून मीडियम आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवावे आणि सर्व प्लेटमध्ये थराची जाडी सारखी असावी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर असल्याने आपल्या साध्या इन्क्युबेटरमध्येही ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १३० मिलिमीटर इतकाच असतो, तर समुद्रकिनारी तो १४०च्या आसपास असतो. फरक लहान आहे, तरी टक्केवारीसोबत दाबही लिहावा.

सर्वांत महागात पडते ती शेवटच्या काही मिनिटांतली घाई किंवा दिरंगाई. ज्या ऑक्सिजन-जाणिवेच्या यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चे नोबेल मिळाले, तिच्यातील एचआयएफ-१ अल्फा हे कमी ऑक्सिजनमध्ये साठणारे प्रथिन पेशींना पुन्हा ऑक्सिजन मिळताच काही मिनिटांत नष्ट होऊ लागते. प्लेट टेबलावर ठेवून नळ्यांवर नावे लिहीत बसल्यास तीन दिवसांची मेहनत वाया जाते आणि 'परिणाम नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो. नळ्या आधी तयार ठेवून पेशी चेंबरमध्येच फोडाव्यात. कोबाल्ट क्लोराइड या रसायनानेही हे प्रथिन वाढते, पण त्या पेशींना ऑक्सिजन पुरेसा मिळतच असतो. त्यामुळे तो प्रयोग कमी ऑक्सिजनचा म्हणून मांडू नये.

पेशींची निवडही विचारपूर्वक करावी. १९७६ साली जगासमोर आलेल्या पीसी-१२ पेशी उंदराच्या ॲड्रिनल गाभ्यातील गाठीपासून मिळालेल्या आहेत. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक तयार करणाऱ्या बाह्यकाबद्दल (ग्रंथीच्या बाहेरच्या थराबद्दल) त्यांवरून काहीही सांगता येत नाही. ताज्या क्रोमॅफिन पेशी (गाभ्यातील ॲड्रिनलिन स्रवणाऱ्या पेशी) वापरताना उंदराचे वय नोंदवावे, कारण नवजात उंदरात त्या ऑक्सिजनची घट स्वतः ओळखतात आणि चेतापुरवठा पक्व झाल्यावर ही क्षमता ओसरते.

बाह्यकाचा अभ्यास करणाऱ्यांनी मेंढ्यांवरील काम अवश्य पाहावे. सुमारे ३,८०० मीटर उंचीवर गर्भारपण काढलेल्या मेंढ्यांच्या गर्भांत एसीटीएच (ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवण्याचा इशारा देणारे संप्रेरक) वाढलेले आणि स्टिरॉइड बनवणारी काही एन्झाइम्स घटलेली आढळली. तरीही विश्रांतीच्या स्थितीतील कॉर्टिसॉल जवळपास नेहमीइतकेच होते, आणि नवा ताण येताच ते अपेक्षेपेक्षा अधिक वाढले. केवळ विश्रांतीतील पातळी मोजणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. म्हणून ७२ तासांनंतर निम्म्या प्लेटना एसीटीएच देऊन दोन्ही मोजमापे शेजारी शेजारी नोंदवावीत.