कोळशापासून कार्बन-१४ च्या मोजणीपर्यंत

जुन्या कोळशाचं वय त्यात उरलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीवरून काढतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात थरांत सापडतो तसा कोळसा हाती आला, तर तो ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. कापूस नको, त्याचे तंतू म्हणजे आजचा कार्बन. पुण्याहून नमुना दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरला पाठवता येतो. तिथे याच मोजणीसाठी ५०० किलोव्होल्टचा प्रवेगक, म्हणजे भारित कणांना वेग देणारं यंत्र, आहे.

चिमट्याने मुळं काढा. मग मातीतून आलेला परका कार्बन धुण्यासाठी आम्ल, अल्कली, पुन्हा आम्ल. शेवटचं आम्ल अजिबात टाळू नका: अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते. ३४,००० वर्षांच्या नमुन्यात १ टक्का आजचा कार्बन शिरला, तर वय सुमारे ४,००० वर्षांनी कमी दिसतं.

नमुना जाळून मिळालेल्या वायूचं लोखंडी भुकटीवर, हायड्रोजनच्या साहाय्याने ग्रॅफाइट करतात. जेमतेम १ मिलिग्रॅम पुरतं. त्यावर सीझियमचा मारा झाला की ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे कण, सुटतात. खरी गंमत इथे आहे: नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही, त्यामुळे कार्बन-१४ इतक्याच वजनाचा हा मोठा तोतया दारातच गळतो. उरलेले तोतये म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे रेणू. ते प्रवेगकाच्या मध्यावर विरळ वायूत फुटतात. पुढचा चुंबक वेगवेगळ्या वजनाच्या कार्बनच्या वाटा वेगळ्या करतो. साध्या कार्बन-१२ आणि १३ चा प्रवाह फॅराडे कपात (विद्युतप्रवाह मोजणाऱ्या धातूच्या कपात) मोजतात, कार्बन-१४ चे अणू डिटेक्टरमध्ये एकेक करून.