उबंटू किंवा मिंटवर ब्राउझर बसवायचा आहे?

लिनक्सवर नव्याने आलेल्या माणसाचा हात सवयीने ब्राउझरच्या संकेतस्थळाकडे वळतो. फाइल उतरवायची, दोनदा क्लिक करायचं, 'नेक्स्ट' दाबत जायचं. लिनक्सवर सॉफ्टवेअर मिळण्याची पहिली जागा वेगळी आहे: प्रणालीचं स्वतःचं भांडार, म्हणजे रिपॉझिटरी. तिथून आलेला ब्राउझर बाकी प्रणालीबरोबर अपडेट होत राहतो. बँकेचे व्यवहार आणि कार्यालयाची ईमेल ज्या खिडकीतून होतात ती दोन वर्षं जुनी राहू देणं धोक्याचं आहे. म्हणून कोणता ब्राउझर घ्यायचा याच्याआधी तो कुठून घ्यायचा हे ठरवा.

इथली उदाहरणं लिनक्सवर आधारलेल्या दोन प्रणालींची आहेत: उबंटू २२.०४ व २४.०४ आणि लिनक्स मिंट २१ व २२. कमांड इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत, दोन शब्दांमध्ये एक स्पेस सोडून टाइप करा. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, तो पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवतो. एपीटी म्हणजे ए-पी-टी, तो भांडारातून सॉफ्टवेअर आणून बसवतो. टर्मिनल कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबून उघडतं. सुडो पासवर्ड मागतो तेव्हा उबंटूच्या या आवृत्त्यांत टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो. पासवर्ड पूर्ण टाइप करून एंटर दाबा.

आधी तीन गोष्टी तपासा

पहिली: ब्राउझर कदाचित आधीच आहे. उबंटू आणि मिंट दोन्हींत फायरफॉक्स सुरुवातीपासून असतो. तेवढ्याने भागत असेल तर फक्त अपडेट करा आणि थांबा.

दुसरी: संगणक ६४-बिट आहे का? टर्मिनलमध्ये यूनेम, स्पेस, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून एम असं टाइप करा. उत्तर 'एक्स८६_६४' आलं तर पुढचं सगळं लागू आहे. 'आय६८६' आलं तर प्रणाली ३२-बिट आहे. गुगलने ३२-बिट लिनक्ससाठी क्रोम देणं २०१६ मध्येच थांबवलं. अशा वेळी आधी प्रोसेसर ६४-बिट आहे का ते पाहा. पुष्कळ जुन्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ६४-बिटचा असतो, वर प्रणाली तेवढी ३२-बिट टाकलेली असते.

तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: घड्याळ. कपाटातून काढलेल्या जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल मेलेला असतो. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. मग ब्राउझर प्रत्येक पानावर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो, कारण त्याच्या हिशेबाने संकेतस्थळाचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. एपीटीही 'रिलीज फाइल अजून वैध नाही' अशा अर्थाची तक्रार करतो. ब्राउझर पुन्हा पुन्हा बसवून हे सुटत नाही. तारीख-वेळ नीट करा आणि सेल बदला. बऱ्याच यंत्रांत तो सीआर २०३२ असतो.

फायरफॉक्स

मिंटमध्ये तो साध्या डेब पॅकेजच्या, म्हणजे उबंटू-मिंटच्या नेहमीच्या सॉफ्टवेअर-फाइलीच्या रूपात येतो आणि अपडेट मॅनेजरमधून अद्ययावत होतो. चुकून काढला गेला असेल तर:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स

पहिली ओळ फक्त भांडाराची यादी ताजी करते, काही बसवत नाही. ती वगळली तर कधीकधी 'फाइल सापडली नाही', ४०४, असा दोष येतो. जुन्या यादीतली आवृत्ती तोवर सर्व्हरवरून गेलेली असते.

उबंटूवर याच दोन ओळी दिल्या तरी हाती येतो तो स्नॅप, म्हणजे उबंटूचं वेगळ्या प्रकारचं पॅकेज. २२.०४ पासून तिथलं 'फायरफॉक्स' नावाचं डेब पॅकेज नुसतं नावाला आहे. ते मागच्या बाजूला स्नॅप बसवतं. स्नॅपमध्ये वाईट काही नाही. फायरफॉक्स बनवणारी मोझिलाच तो प्रसिद्ध करते आणि तो दिवसातून चार वेळा नवी आवृत्ती तपासतो. पण तो बंदिस्त कप्प्यात चालतो, म्हणून होम फोल्डरमधल्या लपवलेल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरांतल्या फाइल त्याला उघडता येत नाहीत. अपलोड करायची फाइल दिसत नसेल तर हे कारण आधी तपासा.

तुमच्याकडे स्नॅप आहे की डेब, हे फायरफॉक्सच सांगतो. पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, सपोर्ट असं एकसलग टाइप करा आणि 'ॲप्लिकेशन बायनरी' ही ओळ पाहा. मार्गाच्या सुरुवातीला स्नॅप असेल तर स्नॅप. यूएसआर असेल तर डेब.

मोझिलाच्या पानावरून थेट 'टार', म्हणजे एकत्र बांधलेल्या फाइलींचा गठ्ठा, उतरवण्याचा मार्ग नवशिक्याने टाळावा. तिच्यात इन्स्टॉलर नसतो. ती उलगडली की फक्त एक फोल्डर मिळतो, मेनूत आयकन येत नाही. आणि तो फोल्डर सुडो वापरून प्रणालीच्या जागेत हलवला, तर फायरफॉक्सला तिथे लिहिण्याची परवानगी नसते आणि त्याचं स्वतःला अपडेट करणं थांबतं.

उबंटूवर डेबच हवा असेल तर मोझिलाचं स्वतःचं एपीटी भांडार आहे आणि त्याच्या पायऱ्या मोझिलाच्या मदत-पानावर आहेत. त्यातली प्राधान्यक्रमाची, १००० आकडा असलेली फाइल बनवायची पायरी गाळू नका. उबंटूच्या नाममात्र पॅकेजचा आवृत्ती क्रमांक मुद्दाम वरचढ ठेवलेला आहे. ती फाइल नसेल तर पुढच्या अपडेटला स्नॅप परत येऊन बसतो.

क्रोम

क्रोम मुक्त स्रोत नाही, म्हणून उबंटूच्या भांडारात नसतो. इथे मात्र संकेतस्थळावरून फाइल घ्यावी लागते, पण फक्त गुगलच्या अधिकृत पानावरून. पान दोन पर्याय देतं: डेबियन-उबंटूसाठी डेब, फेडोरा-ओपनसुसेसाठी आरपीएम. डेब निवडा. फाइल शंभर एमबीच्या वर असते, तेव्हा मोबाइलचा डेटा जोडून काम करत असाल तर हिशेब ठेवा.

मिंटमध्ये उतरलेल्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की बसवण्याची खिडकी उघडते. उबंटू २४.०४ मध्ये सुरुवातीच्या काळात ॲप सेंटरला उतरवलेली डेब फाइल बसवताच येत नव्हती. ही उणीव नंतरच्या अपडेटने भरून निघाली. दोन्हीकडे हमखास चालणारी रीत टर्मिनलची. फाइल्समध्ये डाउनलोड्स फोल्डर उघडा, रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'ओपन इन टर्मिनल' निवडा आणि टाइप करा:

सुडो एपीटी इन्स्टॉल ./

टिंब आणि तिरकी रेघ यांना चिकटून जी-ओ-ओ ही तीन अक्षरं टाइप करा आणि टॅब दाबा. फाइलचं लांबलचक नाव आपोआप पूर्ण होतं. मग एंटर. ती ./ विसरलात तर एपीटी त्या नावाचं पॅकेज भांडारात शोधतो आणि 'सापडलं नाही' म्हणतो.

जुन्या मार्गदर्शिकांमध्ये यासाठी डीपीकेजी ही कमांड दिलेली असते. ती फाइल बसवते, पण फाइलला लागणारी इतर पॅकेजं आणत नाही, म्हणून मध्येच 'डिपेंडन्सी' दोष येतो. तसं झालंच असेल तर घाबरू नका. सुडो एपीटी, मग दोन वजाचिन्हं, त्यांना चिकटून फिक्स-ब्रोकन आणि शेवटी इन्स्टॉल असं दिलं की राहिलेले तुकडे येतात.

शेवटी 'अनसँडबॉक्स्ड' शब्द असलेली सूचना दिसली तर दुर्लक्ष करा. फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे आणि एपीटीचा खास वापरकर्ता ती वाचू शकत नाही, एवढाच तिचा अर्थ. बसवण्याचं काम झालेलं असतं.

'कुलूप मिळालं नाही', म्हणजे 'कुड नॉट गेट लॉक', हा दोष आला तर पाठीमागे दुसरं अपडेट चालू आहे. नुकताच संगणक सुरू केला असेल तर हे नेहमीचंच. दहा मिनिटं थांबा. ती लॉक फाइल पुसून टाकण्याचा सल्ला वाचनात येईल. तो मानू नका. दोन प्रक्रिया एकाच वेळी लिहू लागल्या तर पॅकेजांची नोंदवही बिघडू शकते.

क्रोम बसताना स्वतःच्या भांडाराचा पत्ता प्रणालीत नोंदवतो. म्हणून पुढचे अपडेट नेहमीच्या मार्गाने येतात, फाइल पुन्हा उतरवावी लागत नाही.

पहिल्यांदा उघडताना 'कीरिंग'चा पासवर्ड विचारला जातो, हा अनेकांना खटकणारा प्रश्न. क्रोम पासवर्ड जपण्यासाठी प्रणालीची तिजोरी वापरतो, आणि ती तुमच्या लॉगिन पासवर्डाने उघडते. आपोआप लॉगिन चालू ठेवलं असेल तर तो पासवर्ड कधी टाइपच होत नाही आणि तिजोरी बंद राहते. तिथे लॉगिनचाच पासवर्ड द्या. कायमचा उपाय हवा असेल तर आपोआप लॉगिन बंद करा. तिजोरीचा पासवर्ड रिकामा ठेवला तर ती कुलपाविना राहते.

क्रोमियम हा त्याचा मुक्त भाऊ. उबंटूवर तोही स्नॅपच, मिंटवर डेब. पण मार्च २०२१ पासून गुगल खात्याचं सिंक क्रोमियमसाठी बंद आहे. फोनमधले बुकमार्क इथे हवे असतील तर तो उपयोगाचा नाही. फ्लॅटपॅक हा पॅकेजचा आणखी एक प्रकार आणि फ्लॅटहब हे त्याचं भांडार. फ्लॅटहबवरचा क्रोम गुगलने बनवलेला नाही, आणि मिंट २२ अशी पडताळणी न झालेली फ्लॅटपॅक मुळात लपवून ठेवतं. तो झाकलेलाच बरा.

बुकमार्क गेले?

स्नॅप न काढता सोबत डेब बसवला आणि सगळं कोरं दिसलं, तर माहिती बहुतेक जागची हललेली नसते. नवा फायरफॉक्स वेगळ्या फोल्डरात पाहत असतो. तरी विषाची परीक्षा नको. बदल करण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून बुकमार्कची खिडकी उघडा आणि 'इम्पोर्ट अँड बॅकअप'मधून प्रत काढून ठेवा. पासवर्डची निर्यात वेगळी करावी लागते. ती फाइल उघड्या मजकुरात असते, काम झालं की पुसा.

मराठी नीट दिसावं म्हणून

जोडाक्षरं तुटत असतील किंवा चौकोन दिसत असतील तर दोष ब्राउझरचा नाही, देवनागरी फॉन्ट बसवलेला नसतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'लोहित' किंवा 'नोटो' शोधून देवनागरी फॉन्ट बसवा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. फायरफॉक्सचे मेनूही मराठीत होतात: सेटिंग्ज, जनरल, लँग्वेज, तिथे भाषा जोडून मराठी निवडा. मोझिलाच्या स्वयंसेवकांनी हे भाषांतर केलेलं आहे आणि रोजच्या वापराला ते पुरेसं आहे.