आकांडतांडव सुरू झालं की आधी आपलं तोंड बंद करा

मी डोंबिवलीत 16 वर्षं पाळणाघर चालवतेय. दीड ते चार वर्षांची पोरं. चावणारी, ओरबाडणारी, केस उपटणारी, फरशीवर डोकं आपटणारी, सगळी पाहून झाली. ‘प्रेमानं समजवा’ म्हणणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी साडेसहाला, झोप न झालेल्या अडीच वर्षांच्या पोराला प्रेमानं समजावून दाखवावं.

भूक, झोप, ताप, दुखणारा कान, साचलेली शी हे तुम्ही तपासलंय असं धरून चालते.

1. जागा मोकळी करा. कडक, टोकदार वस्तू हलवा, बाकीची मुलं आणि बघे दुसऱ्या खोलीत पाठवा.

2. हात थांबवा. मूल मारत असेल तर खाली बसा आणि त्याचे हात मनगटाच्या वर, हलकेच पण घट्टपणे धरा. एक हात धरून ओढायचं किंवा उचलायचं अजिबात नाही. या वयात कोपराचा सांधा सहज सरकतो. आपला चेहरा त्याच्या डोक्यासमोर नेऊ नका. माझं नाक एकदा सुजलंय. चावा घेतला असेल तर हात झटक्यात मागे ओढू नका, कातडी फाटते. किंचित त्याच्या तोंडाकडेच ढकला, जबडा सैल पडतो. ‘तूपण चावून दाखव म्हणजे कळेल’ हा सल्ला देणाऱ्या बाईशी मी आता वादही घालत नाही.

3. गप्प बसा. इथेच सगळे घसरतात. मीही घसरले होते, तेही घरच्या पोरावर. मुलगा दोन वर्षांचा होता. लिफ्टचं बटण त्याला दाबायचं होतं, ते मी दाबलं. त्यानं मजल्यावर लोळण घेतली, उचलायला गेले तर खांद्याला कडकडून चावला. मी दहा मिनिटं बोलत होते. लिफ्ट पुन्हा खाली नेऊ का, बघ काकू हसतायत, शहाणं बाळ ना तू, असं करू नये राजा. शेवटी एक धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या मुलीला अगदी तस्साच धपाटा घातला.

दोन वर्षांच्या मुलाकडे जेमतेम दोन-दोन शब्दांची वाक्यं असतात. रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. थयथयाटाच्या भरात आपलं प्रत्येक वाक्य त्याच्या कानाला नुसता आणखी एक आवाज असतो, आणि आपला आवाज चढला की त्याचाही चढतो. म्हणून मी एकच वाक्य बोलते, हळू आवाजात, एकदाच: ‘मारू देणार नाही.’ मग जवळ बसून राहते. डोळे रोखून बघत नाही, उठूनही जात नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते, कारण घड्याळ नसेल तर तीन मिनिटं तीस वाटतात. तेल ओतलं नाही तर बहुतेक आग पाच मिनिटांच्या आत विझते.

आता खरी गोम. आजवर मोबाईल किंवा चॉकलेट मिळून रडणं थांबत असेल, तर तुम्ही गप्प बसायला लागल्यावर सुरुवातीचे काही दिवस थयथयाट वाढणार. जोरात किंचाळेल, जास्त वेळ लोळेल. ‘तुमची पद्धत आमच्याकडे चालत नाही’ असा आयांचा फोन मला नेमका याच दिवसांत येतो. बाराव्या मिनिटाला मोबाईल हातात दिलात, तर पुढच्या वेळी बारा मिनिटं रडायचं एवढंच पोर शिकतं. द्यायचाच असेल तर पहिल्या मिनिटाला द्या. निदान कमी वेळाचा धडा होईल.

घरात आजी-आजोबा असतील तर हे त्यांच्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. ऐन गोंधळात ‘देऊन टाक गं’ आलं की संपलं. आणखी एक विनवणी. मूल पडलं की ‘कुणी मारलं माझ्या सोन्याला? जमिनीला हत्ता!’ म्हणत फरशीला चापट मारणं बंद करा. लागलं की समोरच्याला मारायचं, हे आपणच शिकवतो आणि मग बालवाडीतून तक्रार आली की चकित होतो. ‘बुवा येईल’, ‘पोलीसकाका नेतील’ हेही नको. त्यानं फक्त रात्रीची झोप मोडते.

4. नंतर. पाणी, मांडी, दोन वाक्यं: ‘राग आला होता. मारायचं नाही, पाय आपट.’ जे नाकारलं होतं ते नाकारलेलंच.

रडता रडता श्वास कोंडून मूल निळं पडलं तर कुशीवर झोपवा. तोंडावर पाणी मारू नका, कांदा हुंगवू नका, गदागदा हलवू नका. बहुतेक वेळा ते मिनिटभराच्या आत श्वास घेतं, पण पहिल्यांदा झालं की डॉक्टरांना दाखवायचंच. काही मुलांमध्ये रक्तात लोह कमी सापडतं. मिनिटभरात श्वास आला नाही तर थेट दवाखाना.

थयथयाट नेहमीच पंचवीस-तीस मिनिटं चालत असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, चार वर्षांनंतरही जोर वाढतच असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल तर आधी कान तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे ही तपासणी मोफत होते. माझ्याकडे एक पोरगा येत असे, हाक मारली की बघायचा नाही, हात लावला की बोचकारायचा. त्याच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. आम्ही सहा महिने त्याला हट्टी म्हणत होतो.