पावसाळ्यात जनावरांच्या खुरांची आणि शिंगांची निगा

पावसाळा सुरू झाला की लंगडणाऱ्या जनावरांची संख्या वाढते आणि त्याचे खापर बहुतेक वेळा चिखलावर फोडले जाते. चिखल दोषी असतो हे खरे. पण खुराची वाढ इतकी मंद असते की आज दिसणाऱ्या दुखण्याचे मूळ अनेकदा दोन महिन्यांपूर्वीच्या चाऱ्यात आणि गोठ्यात सापडते. त्यामुळे औषध निवडण्यापूर्वी पाय उचलून पाहावा.

खूर म्हणजे केराटिन या प्रथिनाचे कवच असून त्याच्या आत हाडाला चिकटलेली, भरपूर रक्तपुरवठा असलेली जिवंत त्वचा असते. गायीच्या खुराची भिंत महिन्याला साधारण 5 मिलिमीटर वाढते, तर तळवा सुमारे 1 सेंटिमीटर जाड असतो. आतील त्वचेला इजा होऊन तेथे रक्त उतरले, तर त्याचा लालसर डाग तळव्याच्या पृष्ठभागावर दिसायला सात-आठ आठवडे जातात. खुराक एकदम वाढवल्याने पोटात आम्लता होते आणि तिचा परिणाम खुरावर असाच उशिरा उमटतो. वाळल्या चाऱ्यावरून कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर जाताना हा बदल दोन ते तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने करावा आणि वाळली वैरण पूर्ण बंद करू नये.

सतत पाण्यात राहिलेले खूर पाणी शोषून मऊ पडते, लवकर झिजते, आणि भिंत व तळवा जोडणाऱ्या पांढऱ्या रेषेत खडे रुततात. याच कारणाने खुरांची साळणी, म्हणजे वाढलेले खूर तासणे, पावसाळ्यापूर्वी उरकणे शहाणपणाचे ठरते. ती राहून गेली असेल, तर भर पावसात सगळ्या कळपाची साळणी काढू नये. वेडीवाकडी वाढलेली आणि लंगडणाऱ्या जनावराची खुरे तेवढी हाताळावीत. मोठ्या बांध्याच्या गायीत खुराची पुढची भिंत 7.5 सेंटिमीटरपेक्षा आखूड करू नये. अंगठ्याने दाबल्यावर तळवा दबत असेल, तर तेथे साळणीचे हत्यार लावूच नये. मागच्या पायात खुराच्या दोन भागांपैकी, म्हणजे नख्यांपैकी, बाहेरच्या नखीवर अधिक भार येत असल्याने तपासणी तिथूनच सुरू करावी.

दोन नख्यांमधल्या बेचकीतील कातडी भिजून फुटली की तेथून फ्युसोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू आत शिरतात आणि एका-दोन दिवसांत पाय दोन्ही बाजूंनी सारखा सुजतो, बेचकीला विशिष्ट दुर्गंधी येते, ताप चढतो आणि दूध घटते. या आजारात नुसते पाय धुऊन किंवा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात उभे करून भागत नाही. पशुवैद्यकाकडून प्रतिजैविकाचे इंजेक्शन लवकर द्यावे लागते, आणि तो सांगेल तेवढे दिवस दूध वेगळे ठेवावे लागते. सूज एकाच नखीपुरती असेल तर मात्र तळव्यात किंवा पांढऱ्या रेषेत पू साठल्याची शंका घ्यावी. अशा वेळी पू वाट करून काढणे आणि शेजारच्या निरोगी नखीवर लाकडी किंवा रबरी ठोकळा चिकटवून दुखऱ्या नखीवरचा भार हलका करणे, हेच खरे उपचार. कळपातील एकाहून अधिक जनावरे लंगडत असून तोंडातून लाळ गळत असेल, तर ती लाळ-खुरकूत समजून जनावरांची ने-आण थांबवावी आणि पशुवैद्यकाला त्वरित कळवावे.

पाय बुडवण्याच्या हौदाचा उपयोग प्रतिबंधासाठी आहे. हौद सुमारे 3 मीटर लांब असावा, द्रावणात खूर पूर्ण बुडावे, आणि 100 लिटर पाण्याला 5 किलो मोरचूद हे प्रमाण ठेवावे. शेणाने बरबटलेले पाय आधी साध्या पाण्याने धुतले नाहीत, तर शेणामुळे द्रावण निकामी होते. वापरलेले द्रावण ओढ्यात वा एकाच जागी शेतात ओतू नये, कारण तांबे मातीत साठत जाते. मेंढ्यांना तांब्याची विषबाधा पटकन होते. त्यांच्यासाठी 10 टक्के झिंक सल्फेट वापरावे. मात्र रसायनांपेक्षा गव्हाणीजवळची आणि पाण्याच्या टाकीभोवतीची जागा कोरडी ठेवण्याचा गुण मोठा आहे. तिथे मुरूम टाकून निचरा काढला, तर हौदाची गरजच कमी होते.

शिंगाची रचनाही अशीच : आत हाडाचा गाभा आणि वर केराटिनचे आवरण. प्रौढ जनावरात हा गाभा पोकळ असून कपाळाच्या हाडातील पोकळीशी जोडलेला असतो. म्हणून शिंग बुडाशी मोडले तर जखम थेट त्या पोकळीत उघडते, आणि पावसात तिथे माश्या बसून अळ्या पडतात. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून रक्त थांबवावे, जखम झाकावी व पशुवैद्यकाला बोलवावे. तीत तेल, हळद किंवा माती भरू नये.

वशिंडाच्या जातींच्या प्रौढ बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो. बैल वारंवार डोके झटकत असेल, शिंग घासत असेल, एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येत असेल किंवा शिंग एका बाजूला कलू लागले असेल, तर पावसाळा संपण्याची वाट न पाहता तपासणी करावी, कारण शिंग गळून गाठ बाहेर आल्यावर शस्त्रक्रियेचा उपयोग फारच मर्यादित राहतो.