पेन टॅबलेटवर फोटो एडिटिंग: हाताला दोष देण्याआधी या चुका टाळा

हौसेने पेन टॅबलेट (कॉम्प्युटरला जोडून पेनने कर्सर चालवायची पाटी) घेतलेले बरेच जण काही दिवसांत तो कपाटात ठेवतात आणि पुन्हा माऊस धरतात. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "आपला हात काही चित्रकाराचा नाही." पण फोटो रिटच करायला, म्हणजे त्यातले डाग-सावल्या सुधारायला, चित्रकाराचा हात लागतच नाही. रेघ वाकडी जाते, ब्रश दाब घेत नाही, कर्सर भलतीकडेच पोचतो, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा सेटिंगमध्ये सापडतं. म्हणून आधी सेटिंग तपासा, हाताचं नंतर बघू.

पेनला माऊससारखं ओढणं

माऊस उचलून दुसरीकडे ठेवला तरी कर्सर जागचा हलत नाही. पेनचं तसं नसतं. टॅबलेटचा डावा वरचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा डावा वरचा कोपरा. पेन जिथे न्याल तिथे कर्सर थेट पोचतो. हे लक्षात न आल्यामुळे नवशिके टोक टेकवून पेन सरपटत नेतात आणि वाटेत नको ते सिलेक्ट होतं. टोक टेकवलं की क्लिक झालं, एवढं पक्कं ठेवा. जागा बदलताना पेन किंचित उचललेलं हवं. टोक पृष्ठभागापासून थोडं वर असलं तरी टॅबलेटला ते कळतं.

सुरुवातीला अवघड वाटतं म्हणून काही जण ड्रायव्हरमध्ये (टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'माऊस मोड' लावतात, म्हणजे पेन माऊससारखं चालतं. तो लावू नका, त्याने हाताला जागेचा अंदाज कधीच येत नाही. तसंच ब्रशपुरतं पेन आणि मेनूसाठी माऊस, अशी वाटणीही करू नका. फोल्डर उघडण्यापासून फाइल सेव्ह करण्यापर्यंत सगळं काही दिवस पेननेच करा.

गोल काढला, पण उमटला लंबगोल

बाटलीचं गोल झाकण टॅबलेटवर ठेवा आणि त्याच्या कडेने पेन फिरवा. स्क्रीनवर गोल चपटा किंवा उभट दिसला तर मॅपिंग, म्हणजे टॅबलेट आणि स्क्रीनची जुळणी, चुकलंय. रुंदी-उंचीचं प्रमाण टॅबलेटचं 16:10 आणि मॉनिटरचं 16:9 असेल तर फरक थोडाच असतो, पण 21:9 च्या रुंद मॉनिटरवर तो चांगलाच जाणवतो. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, बऱ्याच ठिकाणी 'फोर्स प्रपोर्शन्स' या नावाने. तो चालू केला की टॅबलेटची एखादी पट्टी वापराबाहेर जाते. जाऊ द्या, हात आणि डोळा जुळणं जास्त महत्त्वाचं.

दोन मॉनिटर असतील तर टॅबलेट दोन्हींवर पसरलेला असू शकतो. मग हात आडवा थोडासा हलला तरी कर्सर दुप्पट पळतो. ज्या मॉनिटरवर फोटो उघडता, तेवढ्यालाच टॅबलेट जोडा.

सरळ रेघ दरवेळी एकाच बाजूला कलत असेल तर टॅबलेट कसा ठेवलाय ते बघा. कीबोर्ड मधोमध आणि टॅबलेट बाजूला तिरका, ही मांडणी फार दिसते. टॅबलेट मॉनिटरसमोर सरळ हवा, कीबोर्ड दुसऱ्या हाताकडे. एखादा स्ट्रोक हाताला गैरसोयीचा वाटला तर फोटोशॉपमध्ये 'आर' दाबून कॅनव्हास फिरवा, टॅबलेट फिरवू नका.

दाब चुकीच्या जागी लावणं

माझ्या मते सगळ्यात जास्त फोटो याच चुकीने बिघडतात. चित्र काढणारे पेनाचा दाब ब्रशच्या जाडीला जोडतात, आणि तेच बघून रिटचिंग करणारेही तसंच करतात. आता डोळ्याखालची सावली हलकी करायचीय असं धरा. कर्व्ह्जचा (उजेड कमीजास्त करणारा) लेयर घेऊन उजेड वाढवला, त्याचा मास्क काळा करून तो परिणाम झाकला आणि पांढऱ्या मऊ ब्रशने हलक्या हाताने रंगवायला घेतलं. दाब जाडीला जोडलेला असेल तर हात हलका ठेवल्यामुळे ब्रश बारीक होतो आणि सावलीवर उजळ ओरखडे उमटतात. मग माणूस स्वतःच्या हाताला नावं ठेवतो.

इथे जाडी स्थिर हवी, साधारण सावलीच्या रुंदीएवढी, आणि दाब ओपॅसिटीला (रंग किती गडद) किंवा फ्लोला (रंग किती वेगाने साचतो) जोडलेला हवा. फ्लो 3 ते 5 टक्क्यांवर ठेवा आणि एकावर एक हलके स्ट्रोक देत जा. उजेड हळूहळू चढतो, कड दिसत नाही. ओपॅसिटी आणि फ्लो दोन्हींना एकाच वेळी दाब लावला तर किती रंग पडेल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून एकच निवडा. मी फ्लोच निवडेन.

केसांचा मास्क करताना, म्हणजे केस मागच्या भागापासून वेगळे करताना, मात्र उलट. बट मुळाशी जाड आणि टोकाला बारीक असते, तिथे दाब जाडीलाच शोभतो. म्हणून दोन वेगळे ब्रश प्रीसेट करून ठेवा.

खोक्यावर 8192 दाब-पातळ्या लिहिल्या असल्या तरी सेटिंग जड ठेवलं तर त्यांचा उपयोग नाही. पूर्ण दाबासाठी पेन रेटावं लागत असेल तर ड्रायव्हरमध्ये टोकाचा स्पर्श 'सॉफ्ट'कडे सरकवा. पेन रेटत राहिलं की मनगट आणि अंगठा दुखायला लागतात.

दाब लागतच नसेल तर

आधी ड्रायव्हरच्या खिडकीत बघा: टोक दाबल्यावर दाबाची पट्टी हलते का? हलत नसेल तर दोष फोटोशॉपचा नाही. जुन्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर मशीनवर राहिला असेल तर दोघांत भांडण लागतं. सगळे काढा, मशीन रीस्टार्ट करा आणि निर्मात्याच्या साइटवरचा ताजा ड्रायव्हर घाला.

पट्टी हलतेय पण फोटोशॉपच्या ब्रश सेटिंग्जमध्ये 'पेन प्रेशर'शेजारी इशाऱ्याचा त्रिकोण दिसतोय, आणि मशीन विंडोजचं आहे? ड्रायव्हरमधली 'विंडोज इंक'ची (विंडोजच्या पेन-सोयीची) खूण बंद झालीय का बघा. फोटोशॉप तिथे दाब मुळात इंकमधूनच घेतं.

स्ट्रोकच्या सुरुवातीला गोल वर्तुळ उमटून ब्रश अडखळत असेल, तर विंडोजच्या पेन सेटिंग्जमध्ये जाऊन दाबून धरल्यावर होणारं राइट-क्लिक बंद करा. मॅकवर ड्रायव्हरला 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'इनपुट मॉनिटरिंग'ची परवानगी द्यावी लागते. ती राहून गेली तर ड्रायव्हर घालूनही पेन नीट चालत नाही. गिम्पमध्ये (फुकट मिळणारं फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर) इनपुट डिव्हाइसेसच्या यादीत पेनचा मोड 'डिसेबल्ड'वरून 'स्क्रीन' करा.

ब्रश रेंगाळत मागून येत असेल तर 'स्मूदिंग' (रेघ गुळगुळीत करणारं सेटिंग) किती आहे ते बघा. रिटचिंगला ते शून्याजवळ चालतं.

बारीकसारीक दोन गोष्टी. पेनवरचं बटण चुकून दाबलं जाऊन मधेच मेनू उघडत असेल तर त्या बटणाला कीबोर्डवरच्या 'ऑल्ट'चं काम द्या. क्लोन स्टॅम्पचा (फोटोतला एक भाग दुसरीकडे उतरवणाऱ्या साधनाचा) नमुना घेताना तेच बटण कामाला येतं. आणि निब, म्हणजे पेनचं बदलता येणारं टोक, अधूनमधून बोटाने चाचपा. एका बाजूने झिजून तिला धारदार कड आली असेल तर लगेच बदला, नाहीतर टॅबलेटवर चरे पडतात आणि पुढची नवी निबही त्या चऱ्यांत अडकत राहते.